पांढऱ्या फडक्यातली पानं

दाविद गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात होतो. तसाच निघालो, पण रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या... सांगलीत विश्रामबागेतल्या त्याच्या घरी पोहोचलो, तोवर माती देऊन माणसं परतलीही होती. जन्मभर मला उशिरावरून टोमणे मारणाऱ्या मित्राने जाता जाता शेवटचा टोमणा मारला.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, याने सिरियाक ही प्राचीन भाषा शिकायला केरळ गाठलं. कारण रहिमतपूरकडच्या एका जुन्या चर्चचं छप्पर उतरवताना कुणा परदेशी पाद्र्याची पेटी निघाली होती आणि तिच्यात शेकडो वर्षांपूर्वीची चामड्याची पानं होती. चर्चने ती विश्वासाने याच्या हवाली केली. साथीत सगळा मठ मेला, एकच साधू उरला आणि तो देवाला विचारतोय, मलाच का ठेवलंस? असा तो मजकूर. ओळ मराठीत आली की दाविद आधी बायकोला, मार्थावहिनींना, वाचून दाखवायचा. "मी एकाकी आहे" हे त्यांनी साफ नाकारलं. "आवं, एकाकी काय म्हंतासा? मी मागं ऱ्हायलो म्हणा की!" तेच कायम झालं. पानांचे फोटो काढून ठेव म्हणून मी किती डोकं फोडलं! "सगळं वाचून झाल्यावर, गड्या." एकच पान वाचायचं राहिलं... साधूला उत्तर मिळालं असलंच, तर ते त्यावर होतं.

महिन्याभराने मी ते पान न्यायला गेलो, केरळच्या त्याच्या गुरूंकडून वाचून घ्यावं म्हणून. वहिनींनी कपाटातून पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं आणलं. सोडलं, तर आत घरचं फाटकं बायबल. जीर्ण बायबल रद्दीत घालायचं नाही, फडक्यात बांधून ठेवायचं आणि घरातलं जे आधी जाईल त्याच्या शवपेटीत द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. दाविदनेही आपली पानं तशाच फडक्यात, त्याच कपाटात ठेवलेली.

"म्हंजी त्यांच्या उशाला मी..." वहिनींनी कपाट पुन्हा चाचपून पाहिलं; दुसरं गाठोडं नव्हतं. कबर उकरू या, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. ओल्या मातीत आता उरलं तरी काय असणार? त्या हट्टी माणसाचा मला राग येतो, अजून येतो, आणि भांडायला तो नाही.

टेबलावर त्याचं भिंग तसंच पडलं होतं. वहिनींनी बायबल पुन्हा फडक्यात बांधलं, घट्ट गाठ मारली आणि भिंगाशेजारी ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी," त्या म्हणाल्या. "ह्ये आता माझ्यासंगं."