अनामिकेचं माप

चिंतामणीने तोंड उघडलं आणि जमलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं. बरं, तोंडातून शिवी गेली म्हणावी तर तीही नाही. एक चांगला, सुसंस्कृत मराठी शब्द गेला. तोही परळच्या कामगार मैदानावर, मराठी भाषकांच्या राज्यासाठी भरलेल्या सभेत, एका मराठी बाईच्या कानात. दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलला असता, तर निदान ती बाई 'समजलं नाही' तरी म्हणाली असती.

बाई म्हणजे गंगुबाई, मालनची आत्या. आणि डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी मालन म्हणजे चिंतामणीला सांगून आलेली आणि बघताक्षणी पसंत पडलेली मुलगी. गंगुबाई चाळीतल्या बायकांना घेऊन सभेला आली होती आणि त्या सगळ्यांचा मिळून होईल तेवढा आवाज एकटी काढत होती. चिंतामणी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचला. अदबीने वाकला आणि हळूच म्हणाला,

"आत्याबाई, एक नाजूक काम होतं. अनामिकेचं माप तेवढं घ्याल का? मात्र मालनला यातलं काही कळता कामा नये."

तेवढ्यात व्यासपीठावरून घोषणा झाली. अख्खं मैदान 'झालाच पाहिजे!' म्हणून गरजलं. गंगुबाईची मूठ मात्र वर गेली ती तिथेच राहिली.

झालं होतं असं, की गंगुबाई घरी मशीनवर पोलकी शिवायची. तिच्या लेखी जगात माप एकाच गोष्टीचं घेतलं जायचं. उद्याचा जावई कुणा अनामिकेला पोलकं शिवून देतोय, माप घ्यायला आपल्यालाच सांगतोय आणि वर मालनला कळू देऊ नका म्हणतोय, ही हिंमत बघून ती थक्क झाली.

"बघते हां," ती एवढंच म्हणाली.

काम झालं असं समजून चिंतामणी खुशीत परतला आणि वाटेत एका फलकावरच्या 'पाहीजे'मधला दीर्घ ही ऱ्हस्व करून आला.

ही त्याची जुनी खोड. शाळा राजापूरला झाली, तिथे मास्तरांनी भाषा अशी घोटून घेतली की मुंबईला नायगावच्या बीडीडी चाळीत गुणाजीमामाच्या खोलीत राहायला आला, कचेरीत कारकून झाला, तरी घोटलेलं काही उतरेना. इराण्याकडे तो 'पाव आणि लोणी' मागायचा, आणि मागून येऊन 'मस्का' म्हणणाऱ्याला आधी मिळतं याचं त्याला वैषम्य वाटायचं. चाळीतली पोरं त्याला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणायची. त्याचं म्हणणं असं, की भाषेच्या नावावर राज्य मागायचं तर निदान शुद्ध भाषेत मागावं. यात चूक कुणालाच काढता येत नव्हती आणि कुणी ऐकतही नव्हतं.

साखरपुड्याला साडी-नारळाची तयारी सुंदरामामीने केली होती. अंगठीची कल्पना मात्र चिंतामणीची स्वतःची. मालनला ती अचानक द्यायची होती. मामीलाही गुपचूपच बरं वाटत होतं, पण वेगळ्या कारणाने. "आधी कळलं की वजन विचारत बसतात," ती म्हणाली. लालबागच्या सोनाराने बजावलं, "बोटाचं माप आणा. अंदाजाने केलेली अंगठी एक तर भात कालवताना गळते, नाहीतर साबण लावूनही निघत नाही."

माप घरच्या घरी कसं घ्यायचं ते मामीला ठाऊक होतं. बोटाला दोरा गुंडाळायचा, पेरावरून सुटेल इतका सैल ठेवायचा आणि गाठ मारायची. सगळं घरच्या घरी होण्यासारखं होतं, फक्त बोट डिलाईल रोडला होतं. म्हणून गंगुबाई.

रविवारी सकाळी गंगुबाई आली. बरोबर भाऊ होता, म्हणजे मालनचे वडील, आनंदा. गिरणीत साच्यावर जन्म गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांच्या मागे, डोळे सुजलेली मालन. चिंतामणीला वाटलं, माप आलं.

मामीने चहाचं आधण ठेवलं. गुणाजीमामा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते.

"ती अनामिका खंय रवता, तां आधी सांग," गंगुबाई उंबऱ्यातच म्हणाली.

चिंतामणीला प्रश्नच कळेना. "अनामिका? ती मालनकडेच आहे की."

"मालनकडे?" आनंदा म्हणाला.

"म्हणजे हाताशीच. तुमच्याकडेही आहे, आत्याबाई. सगळ्यांकडेच असते. आमच्या मामांकडे तर दोन आहेत."

वर्तमानपत्र खाली आलं. मामीच्या हातातलं गाळणं हवेत थांबलं.

"दोन?" मामी म्हणाली.

"अगो, माका एकसुद्धा ठाऊक नाय!" मामा ओरडले.

"बघ आनंदा," गंगुबाई म्हणाली, "मामाच असो, तर भाचो कसो असतलो!"

आता मात्र चिंतामणीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने घाईघाईने उजवा हात पुढे केला आणि चार बोटं मिटून एकच उभं ठेवायचा प्रयत्न केला. ते बोट एकटं उभं राहत नाही. शेजारची दोन्ही बोटं त्याच्याबरोबर उठतात. शेवटी दुसऱ्या हाताने ते धरून तो म्हणाला, "अहो, हे! हे बोट म्हणजे अनामिका! करंगळीच्या शेजारचं! मला अंगठीचं माप हवं होतं!"

जो तो आपापलं बोट बघत होता. मामांनी दोन्ही हात उलटेसुलटे केले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"दोनच आसत खरी," ते मामीला दाखवत म्हणाले.

"ह्या बोटाक नाव आसा?" गंगुबाईने विचारलं.

"नाव नाही, म्हणूनच तर अनामिका."

"नाव नाय म्हणान ह्या नाव?" गंगुबाई क्षणभर विचारात पडली आणि मग उसळली. "मेल्या, बोट म्हटलं असतंस तर जीभ झडली असती? तुझ्या कचेरीत कोण अनामिका आसा तां बघूक मी माणूस धाडलंय!"

पहिला आनंदा हसला. मग मामी. मग गंगुबाई अशी हसली, की शेजारची शांता काय झालं म्हणून बघायला आली. चहा गाळला गेला. लग्न वाचलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

सगळ्यांनी, म्हणजे मालन सोडून. ती दारालाच टेकून उभी होती. तिने चहा घेतला नाही. आनंदाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओसरलं.

"बाय, तुझा काय म्हणणा?" त्याने विचारलं. "नको असात तर तसा सांग. अजून साखर वाटली नाय आपण."

चिंतामणीने हातातली बशी खाली ठेवली.

मालन पुढे आली. हात त्याच्यासमोर धरला. "माप हवं होतं ना? घ्या."

मामीने शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. चिंतामणीने तो घेतला. दोरा दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा त्याने तो नीट गुंडाळला आणि गाठ मारायला घेतली.

"हे मधलं," मालन कोरडेपणाने म्हणाली. "अनामिका पलीकडची."

यावर जो हशा पिकला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. मामीनेच शेवटी पुढे होऊन दोरा योग्य बोटावर घातला, पेरावरून काढून पाहिला, "उन्हाळ्यात बोट फुगतं" म्हणत किंचित सैल केला आणि गाठ मारली.

मंडळी निघाली तेव्हा मालन जिन्याच्या तोंडाशी थांबली. चिंतामणी पोचवायला आला होता.

"आमच्या नळावर सभेच्या दुसऱ्या दिवसापासून जी भेटेल ती माझी कीव करते," ती म्हणाली. "'लग्नाआधी कळलं ते बरं झालं गो.' त्याचं काय?"

"मी अत्यंत दिलगीर आहे," चिंतामणी म्हणाला. "माझ्या अनवधानामुळे आपल्याला जो मनस्ताप..."

"मराठीत सांगा."

"क्षमस्व."

"मराठीत!"

चिंतामणीने तोंड उघडलं, मिटलं. 'चुकलं माझं' हे दोन शब्द नायगावातल्या शेंबड्या पोरालाही येतात. पण राजापूरच्या शाळेत ते कुणी वहीत उतरवून दिले नव्हते, आणि आयत्या वेळी त्याच्या ओठांवर काही येईनात.

मालनने थोडा वेळ वाट पाहिली. "राहू दे," ती म्हणाली. "उधार ठेवते." आणि खाली गेली.

अंगठी नेमकी बसली. साखरपुडा झाला, लग्न झालं. पुढे मुंबईसकट राज्यही मिळालं. संसार नायगावातच, मामांच्या वरच्या मजल्यावर थाटला. मालन मधूनमधून, पोळी वाढता वाढता, त्या उधारीची आठवण करून देते.

"शोधतोय," चिंतामणी म्हणतो, आणि मान खाली घालून जेवतो.