भागरताबाईचा नवस आणि बोडीतल्या मासोळ्या

पायलचं एचबी पुन्हा आठच निघालं. एचबी म्हणजे रक्तात जोर किती, ते सांगणारा आकडा. सातवा महिना लागला होता. सिस्टर म्हणाल्या, "आशाताई, पुढच्या तपासणीत वाढलं नाही तर गोंदियाला पाठवावं लागेल, रक्त चढवायला." मी तेव्हा सालेकसा तालुक्यात आशा होते. गाव आणि दवाखाना यांच्यात फेऱ्या मारणारी बाई म्हणा ना.

पायल गोळ्या नेमाने घ्यायची. मग अडतंय कुठं? दर भेटीत मी विचारायचे, "मांसाहार करता ना?" सासू भागरताबाई म्हणायची, "करतो ना वो." मी खूश. त्या दिवशी मात्र चुलीजवळच बसले आणि पायलला विचारलं, "काल काय खाल्लं?"

"भात आन् पातळ वरण."

"परवा?"

"तेच."

भागरताबाई मधेच बोलली, "मी नवस बोलली बाई. पहिल्या खेपेले पोट पडलं हिचं. आता बाळ हाती येईपर्यंत मांस खायचं नाही."

"आणि मासोळ्या? बोडी तर घरामागंच आहे." मी मागच्या छोट्या तळ्याकडे बोट दाखवलं.

"मासोळी मांस नाही तं का भाजी आहे?"

खाटेवरचे सासरे उठून बसले. "मांस कायले? मांस म्हणजे बकरा, कोंबडी. मासोळी पाण्यातली."

"तुमी चूप राहा जी. तुमची जीभ बोलून राहिली!"

खरं सांगते, 'मासोळी मांस नाही' म्हणून टाकायचा मोह मलाही झाला. पण ट्रेनिंगच्या तक्त्यावर मटण, मासे एकाच रांगेत होते. आणि माझं मनही तेच म्हणत होतं. म्हटलं, "भागरताबाई, मांसच आहे ते. पण नवस बोललं कोण?"

"मी."

"पायल?"

"ते तं माहेरी होती."

"मग तुझा नवस तू पाळ. तिच्या तोंडाले कुलूप काऊन?"

तिनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. म्हणाली, "माझ्या चुलीवर नाही शिजणार."

अंगणात तीन विटा मांडल्या. सासरे स्वतः जाळं घेऊन गेले, मासोळ्याही त्यांनीच साफ केल्या. रस्सा उकळला तसे पायलसोबत तेही ताट घेऊन बसले.

"तुमी कायले बसले?" भागरताबाई कडाडली. "नवसाचा नारळ फोडाले संग होते ना तुमी?"

अंगणातल्या विटांवर मासोळ्या शिजत राहिल्या. पुढच्या तपासणीत एचबी नऊच्या वर गेलं. गोंदिया टळलं. मुलगी झाली, धडधाकट.

तेव्हापासून 'मांसाहार करता का' हे मी कोणत्याच घरी विचारलं नाही. त्यातून घरात चालतं की नाही, एवढंच कळतं. काल ताटात काय होतं, तेवढंच विचारायचं. आणि तेही जिचं ताट, तिलाच.