आसेगावच्या गाईचा नमुना

जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत मी नुकतीच तंत्रज्ञ म्हणून लागले होते. आसेगावच्या एका शेतकऱ्याची गाय चार दिवस हंबरून, लाळ गाळून मेली. गुरांच्या डॉक्टरांना रेबीजचा संशय आला. त्यांनी तिच्या मेंदूचा तुकडा बर्फात घालून आमच्याकडे पाठवला.

काचपट्टीवर त्या मेंदूचा ठसा घेऊन मी त्यावर प्रतिपिंडांचे थेंब सोडले. ही प्रतिपिंडं रेबीजच्या विषाणूतल्या कवचाच्या प्रथिनालाच चिकटतात, आणि त्यांना जोडलेला रंग सूक्ष्मदर्शकाखाली चमकतो. काचपट्टी धुऊनही रंग उरला, तर विषाणू आहेच. खोलीतला दिवा मालवून मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळोखभर हिरवे ठिपके होते. मला ते सुंदर वाटले, हे सांगताना आजही लाज वाटते.

अहवाल लिहिण्याआधी मी शेतकऱ्याला फोन लावला.

"दादा, गाईच्या तोंडात कोणी हात घातला होता का?"

"मीच घातला ना, मॅडम. मले वाटलं, घशात काही अडकलं."

"आजच दवाखान्यात जा. एकही इंजेक्शन चुकवू नका."

त्याने सगळी इंजेक्शनं घेतली. एक जीव वाचवला, या समाधानात मी फाईल ठेवून दिली.

दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला.

"मॅडम, बायको गेली माही. पाणी समोर आणलं का थरथर कापे."

"त्यांनीही हात घातला होता?"

"जबडा तिनंच धरला होता ना. बोट खरचटलं होतं तिचं."

"मग तवा सांगतलं काहून नाही?" माझ्या तोंडून मेडशीची, माझ्या गावची बोली निघाली.

"तुमी इचारलंच नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी एसटीने आसेगावला गेले. दारात तिच्या चपला तशाच होत्या. तो चहा ठेवायला उठला आणि त्या ओलांडून आत गेला. माफी मागायला आले होते, पण चहा पिऊन तशीच परतले.

आता मी फोनवर घरातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारते. लोक वैतागतात. तरीही काळोख्या खोलीत काम करताना पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं. काही बोलत नाही. मी कधी विचारते, याची वाट पाहत असतं.