थिनरशेजारचं ॲसिड

थिनरचा वास आला की वाळूजच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये मी थिनरच्या पिंपांशेजारीच नायट्रिक ॲसिडचे कॅन चढवले होते. उशीर झाला तर जहाज चुकणार होतं. गंगापूरचा ड्रायव्हर लेबलं बघून म्हणाला, "साहेब, हे दोन मिसळले तर पेट घेतात. जगभर नियम हाय, एकत्र नेत नाय." "कागदावर सही माझी आहे," मी म्हणालो. "व्हय, पण गाडीत मी बसणार." चावी माझ्या टेबलावर ठेवून तो सावलीत जाऊन बसला. चिडून मी ॲसिड उतरवायला लावलं, तेव्हा एका कॅनचं झाकण पाझरताना दिसलं. खालची फळी पिवळी पडली होती. आज हे नियम मी नव्या लोकांना शिकवतो. चूक कोणाची होती, हे मात्र सांगत नाही.