साडेतीनचं दूध

ही हकीकत लिहायची मी पन्नासहून जास्त वर्षं टाळली. भीतीनं नाही, लाजेनं. या सदरात लोक चकवे लिहितात, सावल्या लिहितात, आणि माझ्या या हकीकतीत तसं काहीच नाही. एक उपाशी बाळ आहे, एक शेजारीण आहे आणि एक खोटं बोललेला माणूस आहे. तो माणूस मी.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी जनरेटरचा फिटर. मशीन आवाज करतं म्हणजे कुठंतरी कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मशीन उघडत जायचं, हे माझं शिक्षण. हे मशीनही मी उघडून बघितलं. कारण सापडलं नाही. कोणी मला म्हातारचळ म्हणणार असेल तर खुशाल म्हणो, मी जे डोळ्यांनी पाहिलं त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

साल अठ्ठावन्न. जागा कुवेतमधलं हवल्ली. आजचं हवल्ली बघून तेव्हाचं ओळखू येणार नाही... मधे मोकळी वाळू, टँकरनं येणारं गोडं पाणी आणि एका घरमालकाची पाठीला पाठ लावून बांधलेली दोन बुटकी घरं. एका घरात मी आणि माझी बायको झुबैदा. दुसऱ्यात एक पॅलेस्टिनी मास्तर, त्याची बायको आणि तीन मुलगे. थोरल्याचं नाव नबील, म्हणून तिला सगळे उम्म नबील म्हणत, नबीलची आई. दोन्ही घरांच्या अंगणांमधे एक लाकडी दार होतं. बायका तिथून ये-जा करत, मीठ-मिरची मागत, एकमेकींची भाषा येत नसताना तासन्‌तास बोलत.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या वर्षी रजेवर रत्नागिरीकडे गावी गेलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ युसूफ याला चौथी मुलगी झालेली. तो आपण होऊन म्हणाला, "भाई, ही तुमची." त्याच्या बायकोला, कुलसुमला, कोणी विचारलं नाही. मीही नाही. चाळीस दिवस पुरे झाले आणि आम्ही मुलीला घेऊन मुंबईहून बोटीत बसलो. तिचं नाव नसीम ठेवलं.

आमच्या धर्मात दत्तक मुलाला सांभाळा, वाढवा, पण बापाचं नाव त्याच्या खऱ्या बापाचंच लावा असा दंडक आहे. त्यामुळे सगळ्या कागदांवर ती नसीम युसूफ. दवाखान्यात कारकून नाव पुकारायचा, मी उठायचो, आणि तो विचारायचा, "युसूफ तुम्ही?" नाही म्हणताना माझा जीव दर वेळी थोडा कमी व्हायचा. हे सांगतोय, कारण पुढं मी जे केलं ते यातूनच आलं.

नसीमनं बाटली घेतली नाही. बोटीत नाही, घरी आल्यावर नाही. डब्याच्या पावडरीचं दूध, शेळीचं दूध, चमच्यानं, कापसाच्या बोळ्यानं... तोंडात घालावं की ती थुंकायची आणि रडायची. मग रडायचीही बंद झाली, ते जास्त वाईट. दवाखान्यातला डॉक्टर वजन बघून म्हणाला, आणखी आठ दिवस असं चाललं तर मी काही सांगू शकत नाही.

त्याच आठवड्यात उम्म नबील दारातून आत आली. तिचा धाकटा पाच महिन्यांचा होता. तिनं हात पुढे केले. "इकडे दे तिला. माझ्याकडे दोघांना पुरेल एवढं आहे." (तिचं अरबी मी मराठीत लिहितोय.)

झुबैदा देणारच होती. मी नको म्हणालो.

आमच्यात दुधाचं नातं रक्ताच्या नात्यासारखं धरतात. एखाद्या बाईनं दुसरीच्या बाळाला पाजलं की ती त्याची आई, तिचा नवरा बाप, तिची मुलं भाऊ. कुलसुम एक आई होतीच. आता ही दुसरी झाली तर झुबैदा कितवी? आणि मी कोण? मरणाच्या दारात असलेल्या पोरीच्या बाबतीत मी हा विचार करत होतो. लिहिताना हात थांबतो, पण लिहितो.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी नसीम सुधारायला लागली. बाटली तशीच परत यायची, दिवसभरात दोन औंससुद्धा जात नव्हतं. तरी गाल भरले, हातापायांना वळ्या पडल्या. वजनाला नेली तर काटा वर. दवाखान्यातल्या केरळी नर्सनं लंगोट सोडून शी बघितली आणि हसली. "अब ठीक है. माँ का दूध पी रही है ना? डब्बेवाले बच्चे का ऐसा नहीं होता."

मी झुबैदाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मी सकाळी सहाला कामावर जातो, साडेचारला येतो. मधल्या वेळात दार उघडं. आणखी पुरावा काय पाहिजे? मी सरळ त्या दारात जाऊन उभा राहिलो आणि उम्म नबीलला म्हणालो, तू माझ्या मुलीला चोरून पाजतेस.

ती कपडे वाळत घालत होती. आधी तिला वाटलं माझं अरबी चुकलं. मग कळलं तशी ती ताठ झाली. मला ती अबू नसीम म्हणे, नसीमचा बाप.

"चोरून? माझी तीन आहेत, अबू नसीम. दिवसभर त्यांच्या मागे धावते. तुझ्या घरी चोरी करायला मला वेळ कुठाय?"

"नर्सनं सांगितलंय."

"नर्सनं माझं नाव घेतलं?"

"दुसरं कोण असणार?"

"वल्लाह, मी पाजलं असतं तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं. तू नको म्हणालास त्या दिवशीच मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस वेडा आहे."

झुबैदा माझी बाही ओढत होती. "ती नाय पाजत ओ. मी सांगते ना, ती नाय."

"मग कोण?"

"मना नाय ठावं. पण ती नाय."

मी ऐकलं नाही. शुक्रवारी नमाज झाल्यावर आपल्याकडची मंडळी चहाला बसायची, तिथं मी सगळ्यांना सांगितलं की शेजारची बाई असं असं करते. ते घरमालकापर्यंत गेलं आणि घरमालकाकडून मास्तरांपर्यंत. परक्याचं मूल नवऱ्याला न विचारता, आईबापांना न विचारता पाजणं ही त्या लोकांतही साधी गोष्ट नाही. त्या बाईच्या इमानाचाच तो प्रश्न.

मास्तर संध्याकाळी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ती म्हणते नाही. तुम्ही म्हणता हो. तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"मग मी माझ्या बायकोचं खरं धरतो." आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ते दार काढलं आणि तिथं विटा रचल्या. मी कालवलेल्या सिमेंटचं घमेलं धरून उभा होतो. भिंतीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी घर सोडलं.

आता ऐका.

भिंत बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आलो आणि नसीमच्या पाळण्याशी बसलो. बाटली भरून ठेवली होती. मनात म्हटलं, आता भूक लागेल, आता घेशील. साडेतीनच्या सुमाराला ती चुळबुळली. डोळे मिटलेले. तिनं मान डावीकडे वळवली, ओठ पुढे काढले आणि चोखायला लागली.

समोर काही नव्हतं. हवा होती.

झोपेत मुलं चोखतात, हे मलाही ठाऊक आहे. डॉक्टर असलेला माझा भाचा दर वेळी हेच सांगतो. पण झोपेत चोखणाऱ्या मुलाच्या घशातून घोट उतरत नाही. तिच्या उतरत होता. मी गळ्यावर बोट ठेवलं, घोट मोजले, आणि साठाच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. तिची उजवी मूठ उघडत होती, मिटत होती, जणू कोणाचा पदर धरलाय. मग ओठाच्या कोपऱ्यातून एक ओघळ हनुवटीवर आला. मी तो बोटानं टिपून जिभेला लावला. पातळ, गोड आणि अंगाइतकं ऊन. डब्याच्या दुधाची चव मला चांगली माहीत होती. ही ती नव्हती.

मी ओरडलो. झुबैदा अंगणात होती, आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, "या टायमाला मी आत बसतच नाय. जेवतंय कोण, त्याच्या तोंडाकडं बगत बसू नये."

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोललीस का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी उपाय केला असता." तिचा आवाज फाटला. "ती पितेय. मरत नाय. मना दुसरं काय नको."

तीन दिवस मी तसाच बसून बघितलं. साडेतीन, कधी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. पाळणा दुसऱ्या खोलीत हलवला, दारं-खिडक्या लावल्या. फरक नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी मला पक्कं कळलं होतं की उम्म नबील निर्दोष आहे. ती त्या वेळी भिंतीपलीकडेच होती, घर सोडायला अजून दोन आठवडे होते. चार पावलं चालून पलीकडचं दार वाजवायचं होतं. मी वाजवलं नाही. काय सांगणार? आणि लोकांना कळलं तर मुलगी झपाटलेली म्हणतील, हे कारण मी स्वतःला दिलं.

खरं कारण महिन्याभरानं युसूफचं पत्र आलं तेव्हा मला कळलं. त्यानं लिहिलं होतं... मुलगी दिल्यावर कुलसुमचं दूध आटेल असं सुईण म्हणाली होती, ते आटलेलं नाही. रोज गुरं घरी येतात त्या वेळी ती मागच्या पडवीत जाऊन बसते. कोणी ओढून घेतल्यासारखं डाव्या बाजूचं दूध जातं आणि अंग हलकं होतं, असं म्हणते. चोळी मात्र भिजत नाही. बायका हसतात. तर भाभीला विचारा, त्या वेळी मुलगी बरी असते ना?

गावी गुरं परततात सहाला. कुवेत अडीच तास मागे.

मी ते पत्र झुबैदाला वाचून दाखवलं नाही. उत्तर लिहिलं, मुलगी बाटलीनं पिते, काळजी नसावी. कारण मला एकच भीती होती: हे उघड झालं तर युसूफ म्हणेल, भाई, मुलगी अजून आईचीच आहे, परत द्या. उम्म नबीलची माफी मागायची तर तिनं नाही तर कोणी पाजलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी तिचं नाव खराब होऊ दिलं. मुलगी ठेवून घेतली, आणि किंमत शेजारणीला भरायला लावली.

सातव्या महिन्यात एका दुपारी नसीम साडेतीनला जोरात रडली. झुबैदानं तांदळाची पेज भरवली, ती तिनं मुकाट खाल्ली. साडेतीनचं ते पिणं परत कधी झालं नाही.

कुलसुमला मी पुढच्या रजेत सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. "मना ठावं होतं," एवढंच म्हणाली, आणि मुलगी परत मागितली नाही. आज ती नाही, युसूफ नाही, झुबैदा नाही. नसीम स्वतः आजी झाली आहे, तिला सगळं माहीत आहे. कोणी म्हणतं जिन. जिनाला काय पडलंय परक्या पोरीचं पोट भरायचं? कोणी म्हणतं योगायोग. शंभरावर दिवस रोज साडेतीनला होणाऱ्या गोष्टीला योगायोग म्हणणाऱ्यांनी स्वतःचं डोकं तपासावं. हे कसं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. मात्र हे लिहून ठेवतो: उम्म नबीलनं माझ्या मुलीला पाजलं नाही. एकदाही नाही. मी खोटं बोललो.

हे मला तिला सांगायचं होतं. वर्कशॉपमधल्या एका ड्रायव्हरकडून मी शुद्ध अरबीत दोन वाक्यं शिकून घेतली होती आणि ती वर्षानुवर्षं पाठ केली होती. सहासष्ट साली हवल्लीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाबाहेर ती अचानक समोर आली. नसीम माझ्या हाताला धरून होती, आठ वर्षांची. उम्म नबील थांबली. तिनं नसीमच्या केसांवरून हात फिरवला, "माशाल्ला, उंच झाली," म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि उभी राहिली. घाईत असलेला माणूस उभा राहतो त्याहून बराच जास्त वेळ. मास्तर दुकानातून बाहेर आले, त्यांनी छातीला हात लावून सलाम केला, आणि तेही थांबले.

दोन्ही वाक्यं माझ्या तोंडाशी होती. मी नसीमचा हात ओढला आणि म्हणालो, "यल्ला, आम्हाला उशीर होतोय."

आम्हाला कुठंही जायचं नव्हतं.