दोन दाण्यांचा रिव्हर्स

उचगावच्या बयाबाईचा बटणांवर काडीचा भरवसा नव्हता. मेली सगळी एका तोंडाची. वर छापलेली अक्षरं चार दिवसांत पुसायची, अन् राहिली तरी बाईला कुठं वाचता येत होतं? म्हणून तिनं बाभळीच्या डिंकानं घरभर जोंधळ्याचे दाणे चिकटवले. मिक्सरवर, टीव्हीच्या रिमोटवर, मोटरच्या स्टार्टरवर. नवऱ्याच्या, पिराजीच्या, कानातल्या मशीनच्या बटणावरही एक दाणा होता. बायको बोलायला लागली की मशीन बंद करायला तो त्याला बिनचूक सापडायचा.

तिची बॅटरीची रिक्षाही तशीच. हँडलवर पुढं जायच्या बटणावर एक दाणा, मागं जायच्या बटणावर दोन. नजर रस्त्यावर ठेवायची, बोटानं दाणा चाचपायचा अन् दुधाच्या किटल्या डेअरीला पोचवायच्या. येताना बायकांना बाजारातनं आणायचं. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईला साठीत पाय फुटले होते.

पण लेकाला, राजवीरला, लाज वाटायला लागली. लोक काय म्हणतील? त्यानं रिक्षा विकायला कागलचं गिऱ्हाईक ठरवलं. रिक्षा गेली की आपण परत चुलीपुढं, हे बयाबाईला दिसत होतं. पण रिक्षा लेकाच्या नावावर, बोलणार काय?

पावणं येणार म्हणजे रस्सा आलाच. राजवीरनं सकाळीच तांबडी कोंबडी धरली अन् रिक्षाच्या हँडलला बांधून ठेवली. बिचारी तिथंच उपाशी बसली.

दुपारी आकाराम पावणं पांढऱ्याधोट कपड्यांत आलं. राजवीरनं कोंबडी सोडून खांबाला बांधली. पावणं रिक्षात चढलं. बयाबाईनं जड मनानं सांगितलं, "एक दाणा फुडं, दोन दाणं मागं. बगू नगा, बोटानं चाचपा."

माणूस आज्ञाधारक. समोर बघतच त्यानं चाचपलं, बोटाला एक दाणा लागला, बटण दाबलं अन् मूठ पिळली. रिक्षा जी मागं सुटली ती थेट उकिरड्यात जाऊन बसली. पावणं खाली उतरलं ते गुडघाभर शेणात.

"फुडं म्हटलं की मागं जाती. असली अवलक्षणी गाडी मला नगं," म्हणून आकाराम रस्सा न खाताच गेला.

राजवीरनं कपाळाला हात लावला. बयाबाईनं मात्र गुपचूप बटणावरनं बोट फिरवलं. मागं जायच्या बटणावर एकच दाणा. दुसऱ्याच्या जागी चोचीचा ओरखडा. तिनं तांबडीकडं बघितलं. तांबडी निवांत होती.

"आये, झालं तरी काय?"

"गाडीतच खोट हाय बाबा. दुसऱ्याच्या हातात न्हाय चालायची ती."

"मग निदान कोंबडी तरी कापू."

"तिला हात लावायचा न्हाय. आज पिठलं हाय."

तिनं तांबडीची दोरी सोडली, पुढ्यात पसाभर जोंधळा टाकला अन् उकिरड्यातनं रिक्षा काढून, किटल्या भरून डेअरीला निघाली. दुसरा दाणा तिनं परत चिकटवला नाही; तिच्या बोटाला ओरखडा पुरेसा होता. राजवीर अजून एक गिऱ्हाईक आणणार होता.