मागच्या चाकाचा एक्सल आणि माझा शब्द

बाहेरून घेतलेला भारी एक्सल बसवला, की मातीत पळवायच्या मोटरसायकलची चाल सुधारते का? या प्रश्नावर मी माझे पुढचे सगळे रविवार पणाला लावले होते. कुणाला हसू आलं तर येऊ दे. माझ्या घरात तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मी धारवाडात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पन्नाशी उलटली आहे. आमच्या मळमड्डीत या वयाचे लोक सकाळी मफलर गुंडाळून फिरायला जातात, एकमेकांना रक्तदाबाचे आकडे सांगतात आणि परत येतात. मी रविवारी डर्ट बाईक काढतो आणि उणकलच्या पलीकडे जातो. तिथं नवे लेआउट पडलेत, रस्ते आखलेत, घरं अजून व्हायची आहेत. त्यांच्या मागं मुरुमाची एक बंद पडलेली खाण आहे. तिचे चढ, तिचे उतार, तांबडा फुफाटा, एवढंच माझं सुख. दारू नाही, पत्ते नाहीत, हे मी बायकोला इतक्यांदा सांगितलंय की एकदा ती म्हणाली, "त्यापेक्षा पत्ते खेळा की. पत्त्यांनी हाड तरी मोडत नाही."

हाड मोडलं होतं. खाणीतल्या एका उतारावर वळण घेताना गाडीचं मागचं चाक शेपूट हलवल्यासारखं हलायला लागायचं. पहिल्यांदा पडलो तेव्हा कोपर सोलवटलं, घरी कळू दिलं नाही. दुसऱ्यांदा त्याच जागी पडलो आणि उजवं मनगट गेलं. मग प्लास्टर. बायको शाळेत शिक्षिका आहे. तिनं रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावली, भात कालवून दिला, आणि त्यापायी शाळेत उशिरा पोचून हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बटण लावताना ती खाली बघायची आणि मी भिंतीकडं.

प्लास्टर असतानाच अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, वकील. त्यांना घरातही उलटतपासणीच घेता येते.

"तुझं वय काय?"

"अण्णा, तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. तुला आहे का, ते विचारतोय."

"भावजी, त्यांना विचारून काय उपयोग?" बायको आतून म्हणाली. "त्यांचं काही चालत नाही. गाडीलाच विचारा."

मला ते झोंबलं. मी म्हटलं, दोष माझ्या वयाचा नाही, गाडीचा आहे. मागचं चाक ज्या दांड्यावर फिरतं तो एक्सल, तो कंपनीचा साधा आहे, वळणावर जोर आला की पीळ खातो, म्हणून चाक हलतं. चांगल्या पोलादाचा एक्सल मिळतो. तो बसवला की गाडी सरळ जाईल. मी हे वर्गात शिकवावं तसं शिकवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"बसव. चाल सुधारली तर दोष एक्सलचा, तू चालवत राहा. नाही सुधारली तर दोष तुझा. मग गाडी विकायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही. मान्य?"

"मान्य."

"देवासमोर म्हणा," बायको बाहेर येऊन म्हणाली. मी देव्हाऱ्याकडं गेलो आणि डावा हात पुढं केला. "डावा नको. प्लास्टर असलं तरी उजवाच." तसा तो पांढरा ठोकळा देवासमोर धरून मी शब्द दिला.

मनगट मोकळं झालं, एक्सलही कुरिअरनं आला. सोबत त्याचा निळा नट आणि चेन ताणायचे दोन चकचकीत ठोकळे. मी मागचं चाक उतरवलं, जुना एक्सल काढून पुसला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोटून पाहिला. वाकलेला दांडा ग्रॅनाईटवर लोटला की उड्या मारतो. हा मारत नव्हता, लाटण्यासारखा गडगडत गेला.

"अहो, तिथं पोळ्या लाटते मी!"

मी ओटा पुसून दिला. पण तेव्हाच मला कळलं होतं. एक्सल सरळ होता. मग हाताला लागली चाकाची बेअरिंग. बोटानं फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी करकरत होती. मग मी मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोरी ताणली. चाक तिरकं होतं. चेन ताणताना चाक सरळ राहावं म्हणून गाडीवर दोन्ही बाजूंना खुणा असतात, त्या खुणाच मुळात चुकीच्या होत्या, आणि मी आजवर त्यांच्यावर डोळे मिटून विसंबलो होतो. बेअरिंग कधी काढून पाहिली नव्हती, दोरी कधी लावली नव्हती. रविवारी सकाळी निघायची घाई असायची.

मी नव्या बेअरिंग घातल्या, दोरीनं चाक सरळ केलं, आणि नवा एक्सलही बसवला. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी.

दाजीबानपेठेत कापडाचं दुकान असलेला माझा मित्र रविवारी बरोबर असतो. त्यानं निळा नट पाहिला आणि खाणीत ऐकू जाईल असा हसला. "मास्तर, हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या!"

पण गाडी सरळ गेली. त्याच उतारावर, त्याच वळणावर मागचं चाक माझ्यामागं निमूट आलं. मी घरी येऊन सांगितलं, "सुधारली." बायकोनं देवापुढं साखर ठेवली आणि त्यातली चिमूट माझ्या हातावर दिली. ती मी खाल्ली. अण्णांनी फोनवर "ठीक आहे" म्हटलं.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. प्रयोगशाळेत मुलांना मी ओरडून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशामुळं झालं ते कधीच कळणार नाही. त्या आठवड्यात ते वाक्य तोंडातून निघेना. तिन्हीतलं कुठलं औषध लागू पडलं हे मला ठाऊक होतं, आणि जे लागू पडलं नव्हतं त्याच्या नावानं मी साखर खाल्ली होती.

पुढच्या रविवारी मी जुना एक्सल पिशवीत घालून नेला. मित्राला म्हटलं, मी पाठ करून उभा राहतो. तू वाटेल तो एक्सल घाल, दोरीनं चाक सरळ आहे का बघ आणि दोन्ही टोकांना फडकं बांध. कुठला आहे ते मी चालवून सांगतो. त्यानं कुरकुर केली, पण केलं. मी वर गेलो, खाली आलो, वळणं घेतली आणि ठामपणे म्हणालो, "नवा." त्यानं फडकं सोडलं. जुना होता. परत केलं, परत चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर आलं, पण ते अंदाजानं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माझ्यासारख्या माणसाच्या वेगाला, माझ्यासारख्याच्या वळणाला, त्या एक्सलनं काही फरक पडत नव्हता. जुना वाकलेला असता तर पडला असता. तो वाकलेला नव्हता.

खाणीच्या कडेला बसून आम्ही पुडीतलं गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, खाल्लं. मित्र म्हणाला, "होगली बिडरी मास्तर, सोडून द्या. गाडी सरळ चालतीय, बायको खूश, वकील खूश. तुम्हाला खरं बोलायला कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही."

"मग गप्प बसा की."

मी गप्प बसू शकत नव्हतो. पुढच्या रविवारी अण्णा जेवायला आले तेव्हा वरणभातावर तूप पडायच्या आधीच मी सांगून टाकलं. एक्सलनं काही सुधारलं नाही. बेअरिंग खराब होत्या, चाक तिरकं होतं, आणि ते चाक मीच बसवलेलं होतं. दोष माझा.

अण्णांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "म्हणजे अट पुरी झाली नाही. गाडी विकायची."

"नाही विकणार."

"काय म्हणालास?"

"दोष माझा आहे, गाडीचा नाही. मग गाडी का विकू? मी चाक नीट बसवायला शिकलोय. आता दर वेळी दोरी लावीन. बेअरिंग बघीन. पण विकणार नाही."

"देवासमोर शब्द दिलात," बायको म्हणाली.

"दिला होता. मोडतोय. त्याचं पाप माझं. तुझ्या साखरेचंही."

"आणि परत हात मोडला तर?"

"मोडू शकतो. या वयात लवकर जुळणारही नाही."

"मी नाही हं काही करणार. बटण नाही, घास नाही."

"नको करू. तेवढा हक्क मी मागतच नाही."

"आरोपी गुन्हा कबूल करतो आणि शिक्षा नाकारतो," अण्णा म्हणाले. "असली केस मी आजवर पाहिली नाही." ते हसायची वाट बघत होते. आम्ही दोघंही हसलो नाही.

माझी चूक मला मान्य आहे. तिला त्रास झाला, मी तिच्याशी खोटं बोललो, देवासमोरचा शब्द मोडला. हे सगळं माझ्या नावावर राहील आणि मी ते नाकारत नाही. पण एवढ्याची भरपाई म्हणून मी मफलर बांधून मळमड्डीतून रक्तदाब मोजत फिरायचं, हे मला मान्य नाही. पडायचं भय मलाही आहे. ते घेऊनच मी खाणीत उतरतो.

नवा एक्सल मी मित्राला देऊन टाकला. तो आता आपल्या गाडीला बसवून घेणार आहे, निळ्या नटासाठी.

इतकी वर्षं मी रविवारी गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत असे आणि तिथं सुरू करत असे, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. त्या जेवणानंतरच्या रविवारी बायको फाटकाशी फुलं तोडत होती. ती आत गेली नाही. मी तिच्यासमोर मागच्या चाकाला दोरी लावली, चाक हलवून पाहिलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि दारातच किक मारली.